फोंडा: बंद प्लेटिंग कारखान्याची जागा, वरची १ मीटर माती काढून भराव टाकला तर चालेल का?

फोंडा_स्थापत्य

नमस्कार. फोंडा तालुक्यात उतारावरचा ४,२०० चौ.मी.चा प्लॉट आहे. पूर्वी तिथे निकेल-क्रोम प्लेटिंग आणि पत्र्याच्या सुट्या भागांचे रंगकाम चालायचे. कारखाना बंद होऊन ९ वर्षे झाली. नव्या भाडेपट्टेदाराला गोदाम बांधायचे आहे. जागेवर दिसते ते असे:

प्लेटिंग शेडच्या जोत्यावर आतून-बाहेरून पिवळट फुलोरा आहे, पाऊस सरला की तो वाढतो. शेडमागे सांडपाण्याचा चिऱ्यांनी बांधलेला खड्डा, ४ बाय ३ मीटर, त्यात वाळलेला हिरवट गाळ. डिग्रीसिंगची (धातूवरचे तेल-ग्रीस विद्रावकाने काढण्याची) टाकी होती तिथल्या काँक्रीटला भेगा. जनरेटरजवळ जमिनीखाली ५,००० लिटरची डिझेल टाकी, आत काय शिल्लक आहे कळत नाही. कुंपणाशी जुना ट्रान्सफॉर्मर. छपराला जुने सिमेंटचे पत्रे. रस्त्याच्या खालच्या अंगाला ६० मीटरवर एका घराची विहीर, तिच्याखाली कुळागर (सुपारी-नारळाची बाग).

एका प्रयोगशाळेने चार ठिकाणची वरची माती मिसळून एक नमुना तपासला. एकूण क्रोमियम ३१०, निकेल १४०, झिंक २१०, शिसे ३५, सगळे मिग्रॅ/किलोमध्ये. विहिरीचे पाणी ऑगस्टमध्ये तपासले, एकूण क्रोमियम ०.०२ मिग्रॅ/लिटर, शेरा ‘पिण्यायोग्य’.

ठेकेदाराचे म्हणणे आहे की सरसकट १ मीटर माती जेसीबीने काढू, तळाला चुना मारू आणि वर तांबड्या मातीचा भराव टाकू, पंधरा दिवसांचे काम. हे पुरेसे आहे का? नसेल तर किती बोअर, कोणत्या चाचण्या, आणि मृगाआधी काय काय उरकता येईल?

---

शेडीमाती

जेसीबी आत्ता आत नेऊ नका. तुम्हाला अजून दोन गोष्टी माहीत नाहीत: घाण कुठे आहे आणि पाणी तिला कुठे नेते. या दोन्ही कळल्याशिवाय काढलेला १ मीटर काही ठिकाणी फुकटचा जाईल आणि काही ठिकाणी अपुरा पडेल.

आधी जमीन समजून घ्या. वर जांभ्याचे कडक कवच, त्याखाली भोके-नळ्यांचा सच्छिद्र जांभा, त्याखाली पांढरट-गुलाबी शेडी (चिकणमातीचा, पाणी अडवणारा थर), आणि मग कुजलेला खडक. जांभ्यातून पाणी चाळणीतून जावे तसे उतरते. शेडीवर आले की अडते आणि तिच्या पाठीवरून उताराकडे सरकते. कुळागरातले झरे बहुतेक वेळा याच सांध्यावर फुटतात. त्यामुळे प्लेटिंगच्या टाकीतून गळालेले पाणी वरच्या १ मीटरमध्ये थांबून राहिले असेल हे गृहीतकच चुकीचे. ते नळ्यांतून ४-५ मीटर खाली जाऊन मग आडवे गेले असण्याचा संभव जास्त.

जोत्यावरचा पिवळा फुलोरा बहुधा क्रोमेट (क्रोमियमचे विरघळणारे, विषारी मीठ) आहे. पाणी भिंतीतून केशाकर्षणाने वर चढते, सुकते आणि मीठ मागे ठेवते. म्हणजे जोत्याखाली अजून विरघळणारा साठा आहे. तो फुलोरा हाताने खरवडू नका आणि झाडूही नका. क्रोमेटची धूळ श्वासात गेली तर कर्करोगकारक आहे.

ऑगस्टच्या पाण्याच्या अहवालावर विसंबू नका. आपल्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिमी पाऊस पडतो. ऑगस्टमध्ये विहीर पावसाच्या पाण्याने भरलेली असते, त्यात सगळेच पातळ होऊन येते. तीच विहीर एप्रिल-मे महिन्यांत तळाला गेल्यावर तपासा. उलट काही जागी पहिल्या मोठ्या पावसानंतर आकडा वर उडतो, कारण वरच्या थरात सुकून बसलेले मीठ धुऊन खाली येते. म्हणून किमान तीन फेऱ्या हव्यात: आता, मे अखेर आणि जूनचे पहिले दोन-तीन आठवडे.

बोअर किती? ४,२०० चौ.मी.वर १५ मीटरची चौकट मारली तर १९ च्या आसपास बिंदू येतात. पण अशी चौकट साधारण १८ मीटर व्यासाचा डागच खात्रीने पकडते, कारण ९५ टक्के खात्रीने सापडणारा गोल डाग चौकटीच्या अंतराच्या सुमारे १.१८ पट असतो. तुमचा खड्डा ४ बाय ३ चा. तो चौकटीच्या फटीतून सहज निसटेल. म्हणून चौकट फक्त मोकळ्या अंगणासाठी वापरा, २० मीटरची असली तरी पुरे. खरे बिंदू संशयाच्या जागी घ्या: प्लेटिंगच्या प्रत्येक टाकीची जागा, गटाराचे प्रत्येक वळण आणि सांधा, गाळाच्या खड्ड्याच्या चारही बाजू आणि तळ, डिग्रीसिंगच्या भेगा, डिझेल टाकीची दोन्ही टोके आणि पाइपचे तोंड, ट्रान्सफॉर्मरचा कट्टा, आणि शेडचे पाणी कुंपणाबाहेर जिथे पडते ती जागा. शेवटची जागा जवळजवळ सगळेच विसरतात. जुना कामगार किंवा रखवालदार गाठून अर्धा दिवस जागेवर फिरवा. गटारे कागदावर एका बाजूला आणि प्रत्यक्षात दुसरीकडे असतात.

प्रत्येक बिंदूवर ०–१५ सेमी, ०.५ मी., १ मी., पुढे दर मीटरला आणि थर बदलेल तिथे नमुना घ्या. हाताचे ऑगर (मातीचे गिरमिट) जांभ्यात चालत नाही. उथळ पाहणीला ब्रेकर लावून ३ मीटरपर्यंत चर खणा, भिंतींचे फोटो काढा, बकेटच्या मधल्या मातीतून नमुना घ्या. दीड मीटरपेक्षा खोल चरात माणूस उतरवू नका. खोल बोअरसाठी आपल्याकडे लगेच डीटीएचची (खडकात बोअरवेल पाडणारी) गाडी येते. ती हवेच्या दाबाने चालते, त्यामुळे विद्रावक उडून जातात आणि मातीचे पीठ होते. विहिरी पाडायला तिचा उपयोग आहे, माती तपासायला नाही. मातीसाठी कमी पाण्याचे किंवा कोरडे कोरिंग (मातीचा अखंड गाभा काढणे) मागा, वेळ लागला तरी चालेल.

निरीक्षण विहिरी किमान चार: एक वरच्या अंगाला, एक खड्ड्याच्या लगेच खाली, दोन रस्त्याकडच्या कुंपणाशी. तीनपेक्षा कमी विहिरींवरून प्रवाहाची दिशा काढता येत नाही, आणि त्या तीन एका रेषेत असतील तरी काढता येत नाही. ५० मिमीचा पीव्हीसी पाइप, आटे असलेले सांधे, सोल्व्हंट सिमेंट अजिबात नको, नाहीतर तेच पुढे चाचणीत सापडते. ०.५ मिमी फटीची जाळी, भोवती १–२ मिमीची धुतलेली वाळू, वर ६० सेमी बेंटोनाइट (पाण्याने फुगून भोक बंद करणारी माती), त्यावर ग्राउट आणि कुलूपबंद टोपी. जाळी सप्टेंबरच्या पातळीच्या थोडी वर सुरू होऊन मेच्या पातळीखाली जायला हवी. फक्त हिवाळी पातळी बघून बसवलेली विहीर मेमध्ये कोरडी पडते, आणि सगळ्यात महत्त्वाची फेरी हुकते.

आणि शेडीला भोक पाडू नका. डिग्रीसिंगला ट्रायक्लोरोएथिलीन वापरले असेल तर ते पाण्यापेक्षा जड आहे, घनता १.४६. ते शेडीच्या खळग्यांत साचून बसते. शेडी लागली की ३० सेमीवर थांबा. त्याखाली जायचेच असेल तर आधी केसिंग (बोअरची आधार-नळी) शेडीत रुतवून सील करा, मग बारीक व्यासाने पुढे जा. उघडे भोक सोडले तर आपल्याच हाताने घाण खालच्या खडकात पोचते.

गोवा भूजल नियमन कायदा, २००२ प्रमाणे विहीर पाडायला परवानगी लागते. ‘निरीक्षणासाठी, उपसा नाही’ असे स्पष्ट लिहून अर्ज करा.

---

नमुना_बाटली

शेडीबाबनी जमिनीचे सांगितले, मी अहवालाचे सांगते. तो अहवाल निर्णयाला निरुपयोगी आहे, तीन कारणांनी.

चार ठिकाणची माती मिसळली. त्यांतल्या एका जागी १,००० असते आणि बाकी तीन ठिकाणी ८० असते, तरी सरासरी ३१० च आली असती. मिसळलेला नमुना डाग लपवतो. विद्रावकांसाठी तर मिसळणे म्हणजे ते उडवून टाकणे.

दुसरे, ‘एकूण क्रोमियम’. जांभ्यात नैसर्गिक क्रोमियम आणि निकेल मुळातच जास्त असू शकते, आणि तिथले क्रोमियम बहुतांश ट्रायव्हॅलंट, जवळजवळ न विरघळणारे. म्हणून वरच्या अंगाला, कारखान्याचा हात न लागलेल्या जागी, त्याच प्रकारच्या मातीचे ८ ते १० पार्श्वभूमी नमुने घ्या. ते नसतील तर ३१० मधले निसर्गाचे किती आणि कारखान्याचे किती हे कोणी सांगू शकणार नाही. आणि हेक्साव्हॅलंट, म्हणजे विरघळणारे, विषारी रूप (क्रोमेट त्यातलेच, पुढे नुसते ‘हेक्सा’), वेगळे मोजून घ्या. मातीसाठी ३०६०ए या अमेरिकी प्रमाणित पद्धतीचे अल्कधर्मी निष्कर्षण (मातीतून हेक्सा द्रावणात काढणे) मागा. आम्लाने पचवलेल्या नमुन्यात हेक्सा आणि ट्राय यांतला फरक पुसला जातो.

तुलनेचा आकडा म्हणून आपल्याकडे कॅनडाची मानके वापरली जातात. त्यांत हेक्साव्हॅलंट क्रोमियम निवासी जमिनीला ०.४ आणि औद्योगिक जमिनीला १.४ मिग्रॅ/किलो आहे, शिसे १४० आणि ६००. म्हणजे तुमचे शिसे ठीक आहे, पण हेक्साची मोजणी-मर्यादा १ च्या खाली आहे का हे प्रयोगशाळेला आधी विचारा. ‘५ पेक्षा कमी’ असा निकाल आला तर पैसे वाया.

तिसरे, पाणी. पिण्याच्या पाण्याला आयएस १०५०० या भारतीय मानकात एकूण क्रोमियम ०.०५, निकेल ०.०२, शिसे ०.०१ मिग्रॅ/लिटर. तुमच्या अहवालात निकेल तपासलेलेच नाही! प्लेटिंगच्या जागेवर निकेल आणि सायनाइड न तपासता ‘पिण्यायोग्य’ लिहिणे गंभीर आहे.

यादी अशी द्या. सगळ्या मातीला धातू, हेक्सा आणि सामू. प्लेटिंग शेड आणि खड्डा इथे सायनाइडही. डिग्रीसिंगजवळ आणि रंगकामाजवळ उडनशील सेंद्रिये, त्यांत ट्रायक्लोरोएथिलीन आणि त्याच्या विघटनातून होणारे व्हिनाइल क्लोराइड नावाने लिहून घ्या. डिझेल टाकीजवळ पेट्रोलियम हायड्रोकार्बन आणि बेंझीन. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात आणि कट्ट्याखालच्या मातीत पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मर तेलातले घातक क्लोरीनयुक्त रसायन), तेलात ५० मिग्रॅ/किलोच्या वर गेले तर ते वेगळ्या मार्गाने जाते. क्रोम प्लेटिंगच्या टाकीवर धुके दाबायला पूर्वी फ्लोरिनयुक्त रसायन, पीएफओएस, वापरत. पाण्याच्या एका-दोन नमुन्यांत तेही बघा.

बाटल्यांत चुका होतात त्या या. उडनशील सेंद्रियांची माती पिशवीत भरून आणली तर निकाल शून्य येतो. ५ ग्रॅम माती जागेवरच मोजून मेथॅनॉलच्या कुपीत टाकायची, १४ दिवसांत चाचणी. पाण्यातले हेक्सा २४ तासांत तपासावे लागते, म्हणून शुक्रवारी दुपारी नमुने घेऊ नका. धातूंच्या पाण्याला नायट्रिक आम्ल घालून सामू २ खाली, पण हेक्साच्या आणि सायनाइडच्या बाटलीत ते आम्ल चुकूनही नको. सायनाइडला उलट सोडियम हायड्रॉक्साइडने सामू १२ वर. सगळे ४ अंशांना बर्फात.

पाणी गढूळ आले तर धातूंचा आकडा फुगतो, कारण जांभ्याच्या कणांतलेच लोह-क्रोमियम मोजले जाते. बेलरने (दोरीने सोडायच्या नळीसारख्या बादलीने) खळबळ करू नका. लहान पंपाने मिनिटाला ०.१ ते ०.५ लिटर उपसा, दर ३-५ मिनिटांनी मीटर वाचा. सलग तीन वाचनांत सामू ०.१ च्या आत, वाहकता ३ टक्क्यांच्या आत, आणि गढूळपणा १० एनटीयूच्या खाली आला की भरा. एक बाटली ०.४५ मायक्रॉन गाळणीतून, एक न गाळता. स्वच्छ विहिरीपासून सुरुवात, घाणेरडी शेवटी.

हातातले एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू मोजणारे) यंत्र भाड्याने मिळाले तर चर खणताना फार उपयोगी, दिवसाला शंभर वाचने होतात. पण ते एकूण क्रोमियमच दाखवते. माती २० टक्क्यांपेक्षा ओली असेल तर कमी दाखवते, आणि शिसे-आर्सेनिकच्या रेषा एकमेकींवर पडतात. दहातला एक नमुना प्रयोगशाळेत पडताळा. पीआयडी (विद्रावकांच्या वाफा मोजणारे) यंत्र दमट हवेत भरकटते, आपल्याकडे हे रोजचेच. सकाळी, दुपारी दोन्ही वेळा तपासणी-वायूने जुळवा.

दर २० नमुन्यांमागे एक जुळा, प्रत्येक बर्फपेटीत शुद्ध पाण्याची एक कोरी बाटली. यावर पैसे वाचवू नका.

---

फोंडा_स्थापत्य

दोघांचेही आभार. बोअर आणि विहिरींचा क्रम लावतो. पण ठेकेदार चुन्यावर अडून बसला आहे. त्याच्या मते धातू चुन्याने बसतात, सगळीकडे हेच करतात. आणि गाळ, टाकी, पत्रे हे आधी काढून घेतले तर चालेल का, की पाहणी होईपर्यंत हातच लावायचा नाही?

---

हिराकस

चुन्याबद्दल ठेकेदार अर्धा बरोबर आहे, आणि त्याचा अर्धा चुकीचा भागच विहिरीत जाईल.

निकेल, झिंक चुन्याने खरेच बसतात. हेक्साव्हॅलंट क्रोमियम उलटे वागते. ते पाण्यात क्रोमेट म्हणून, ऋण भार घेऊन फिरते. आपली तांबडी माती आम्लधर्मी, सामू ५ ते ६, तिच्यातल्या लोहाच्या ऑक्साइडवर धन भार असतो, म्हणून ती क्रोमेट धरून ठेवते. चुना टाकून सामू ८ वर नेला की पकड सुटते आणि धरलेले क्रोमेट पाण्यात येते. खड्ड्याच्या तळाला चुना मारून वर भराव टाकला, की पहिल्या पावसात ते शेडीवरून कुळागराकडे निघाले. म्हणून क्रम असा: आधी हेक्साचे ट्रायव्हॅलंट करायचे, ते झाल्याची खात्री करायची, आणि मगच थोडा चुना.

आता काय काढता येईल. सुटे साठे पाहणीआधी काढा, त्याला थांबायचे कारण नाही. गाळाचा खड्डा हा उघडा स्रोत आहे, पावसाळ्यात तो रोज झिरपतो. फक्त काढण्याआधी गाळाचे, खड्ड्याच्या भिंतीचे नमुने घ्या आणि मोजमापे, फोटो ठेवा. आधी कोरड्या जागेत आम्ल आणि सायनाइड एकत्र येत नाहीत ना हे बघा. सोडून दिलेले ड्रम, कॅन असतील तर प्रत्येकाचा सामू तपासा, आम्लाचे एका कोपऱ्यात, सायनाइडचे दुसऱ्यात. ‘धुऊन टाकू’ म्हणून प्लेटिंगच्या फरशीवर आम्ल ओतले तर हायड्रोजन सायनाइड वायू निघू शकतो, तो मिनिटांत माणूस मारतो.

गाळ १ टन मावेल अशा, आतून प्लास्टिक अस्तर असलेल्या मोठ्या पिशव्यांत भरा. खड्ड्याचे चिरेही गाळाबरोबरच समजा, जांभ्याचा चिरा स्पंजासारखा शोषतो, धुऊन साफ होत नाही. जोत्याचा पिवळा काँक्रीट फोडून भरावाला वापरायची पद्धत आहे, ती इथे बंद. काँक्रीट स्वतः अल्कधर्मी, त्यात शोषलेले क्रोमेट वर्षानुवर्षे सुटत राहते. १०० मिमीच्या गाभ्यांनी किती खोल पिवळे गेले ते बघा, तेवढाच थर वेगळा काढला तर बाकीचा काँक्रीट चाचणीनंतर साधा राडारोडा म्हणून जाऊ शकतो.

छपराचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे धरून चाला. पाणी फवारून, हुक-बोल्ट कापून, अख्खे उतरवा, फोडू नका, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा. ते शेड पाडण्याआधी. जेसीबीने शेड ओढून पाडली की पत्र्याचा चुरा मातीत मिसळतो आणि साफ माती घातक होते.

डिझेल टाकी: शिल्लक तेल उपसा, पाइप सोडवून तोंडे बंद करा, आत ड्राय आइस टाका, दर १,००० लिटरला साधारण २ किलो, तुमच्या टाकीला १० किलो. ज्वलनशील वायू स्फोट-मर्यादेच्या १० टक्क्यांखाली आल्याचे मीटरवर वर, मध्ये, तळाला असे तिन्ही ठिकाणी वाचूनच उचला. गॅस-कटर लावायचा नाही, आणि ऑक्सिजन मोजल्याशिवाय आत डोके घालायचे नाही. खालची माती काळी, वासाची निघाली तर वेगळा ढीग. साधे डिझेलच असेल तर ती ताडपत्रीखाली दीड मीटर उंचीच्या ढिगात हवा आणि थोडे खत देऊन काही महिन्यांत सुधारते. क्रोमियमच्या मातीत ती मिसळू नका, मग कोणताच उपाय लागू पडत नाही.

मुख्य मातीचा हिशेब उदाहरणाने सांगतो. समजा पाहणीत १२ बाय ८ मीटर, २.५ मीटर खोल डाग निघाला. २४० घनमीटर, १.७ ने गुणले तर सुमारे ४०८ टन. हेक्साची सरासरी १५० मिग्रॅ/किलो धरली तर ६१ किलो हेक्साव्हॅलंट क्रोमियम. त्याचे ट्रायव्हॅलंट करायला १ किलोला हिराकस, म्हणजे स्फटिकात पाण्याचे सात रेणू असलेले फेरस सल्फेट, रासायनिक हिशेबाने १६ किलो लागते. म्हणजे सुमारे ९८० किलो. प्रत्यक्षात हवा आणि मातीतले मँगनीज ऑक्साइडही ते खातात, म्हणून दोन ते चार पट. तीन पटीने धरा, ३ टनांच्या जवळ. नेमकी पट आधी बादलीत काढा: १-१ किलो माती, १, २ आणि ४ पट मात्रा, एक बादली नुसत्या पाण्याची. ३, १४ आणि २८ दिवसांनी हेक्सा आणि पाण्याने निघणारे क्रोमियम तपासा.

फसते ते इथे. हिराकस फिकट हिरवे हवे. पोती तपकिरी पडली असतील तर लोह हवेने गंजून फेरिक झाले, त्याचा उपयोग नाही. आपल्या दमट हवेत उघडी पोती फार टिकत नाहीत, काम सुरू होण्याच्या आठवड्यातच मागवा. कोरडी पूड मातीवर पसरून बकेटने दोनदा उलटवले की मिश्रण झाले असे नाही, जांभ्याची ढेकळे आतून पिवळीच राहतात. आधी ५० मिमीच्या खाली फोडा, मग द्रावण करून फवारत मिसळा. सामू ४ च्या खाली गेला तर निकेल सुटते, म्हणून रोज सामू बघा. आणि मिसळल्यावर लगेच घेतलेला नमुना फसवा असतो: उरलेले फेरस लोह प्रयोगशाळेतल्या निष्कर्षणातच हेक्सा खाऊन टाकते, निकाल खोटा चांगला येतो. दोन आठवडे थांबून, पाण्याच्या निष्कर्षणासह तपासा. मग चुना, सामू ७ च्या आसपास येईल इतकाच.

पाऊस लक्षात ठेवा. ३०० चौ.मी.च्या उघड्या खड्ड्यावर १०० मिमीचा एक दिवस म्हणजे ३०,००० लिटर दूषित पाणी. ते गटारात सोडता येत नाही, जल अधिनियम, १९७४ चे कलम २४ आड येते. म्हणून खणणे फेब्रुवारी ते एप्रिल, मेचा पहिला पंधरवडा राखीव. ढीग प्लास्टिकच्या अस्तरावर, भोवती बांध, वर दोरांनी बांधलेली जाड ताडपत्री, आणि माती उकरली की २५-३० टक्के फुगते हे धरून जागा ठेवा.

पडताळणीला खड्ड्याच्या तळाला दर २५ चौ.मी.ला एक आणि भिंतीला दर ५ मीटरला एक नमुना. अहवाल हातात येईपर्यंत भराव नाही. ठेकेदाराची गाडी उभी राहते म्हणून लोक घाई करतात; करारात ‘अहवालासाठी ७ दिवस थांबणे’ ही बाब वेगळी लिहून घ्या.

---

कलम_आणि_कागद

कागदांचे थोडक्यात. गाळ घातक व इतर कचरा नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत सरळ बसतो, सांडपाणी प्रक्रियेचा रासायनिक गाळ म्हणून ३५.३. त्याला ‘चाचणीत पास झाला’ म्हणून सूट मिळत नाही. उकरलेल्या मातीचे मात्र दुसऱ्या अनुसूचीच्या मर्यादांवरून ठरते, त्यात टीसीएलपी (कचऱ्यातून किती झिरपते ते पाहणाऱ्या) निष्कर्षणात क्रोमियम ५ मिग्रॅ/लिटर. राज्यातली सोय पिसुर्ल्याच्या सामायिक केंद्रात आहे. सभासदत्व आणि स्वीकृतीची चाचणी आधी करून घ्या, गाडी भरल्यावर नव्हे. नमुना १० चे मॅनिफेस्ट (कचरा वाहतुकीची नोंद-पावती) सात प्रतींत, पोत्यांवर नमुना ८ चे लेबल, चालकाकडे नमुना ९ चे कार्ड.

जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र केंद्रीय नियम आले. संशयित जागेची नोंद झाली की प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून ९० दिवसांत प्राथमिक पाहणी, दूषण आढळले तर पुढच्या ९० दिवसांत सविस्तर पाहणी, आणि खर्च दूषित करणाऱ्यावर. गोव्यात अनेकांना वाटते की खाणींच्या जागाही त्यात येतात. येत नाहीत, खाणकामातून झालेले दूषण त्या नियमांच्या कक्षेबाहेर आहे. तुमच्या भाडेपट्टेदाराने काम सुरू करण्याआधी मंडळाला आणि औद्योगिक विकास महामंडळाला पाहणीचा आराखडा लेखी द्यावा. काम सुरू होण्याआधीची स्थिती नोंदवलेली नसेल तर जुनी घाणही नव्याच्या अंगावर येते.

---

शेडीमाती

हिराकसबाबांच्या हिशेबाला माझी हरकत नाही, एक जोड आहे. २.५ मीटरखाली घाण गेलेली असेल, आणि जांभ्यात ती जाईलच, तर तिथे उकरण्याऐवजी कोणी ‘बोअरमधून हिराकसाचे द्रावण सोडू’ असे सुचवेल. जांभ्यात द्रावण मोठ्या नळ्यांतून पळते आणि बारीक छिद्रांतले क्रोमेट तसेच राहते. महिनाभर विहीर स्वच्छ दिसते, मग छिद्रांतून ते परत झिरपून आकडा चढतो. शिवाय फेरस लोह हवेशी गाठ पडताच गंजून जाळ्याच बुजवते. करायचेच तर कॅल्शियम पॉलिसल्फाइडसारखे टिकणारे द्रव्य, कमी दाबाने, थांबून-थांबून, आणि कुंपणाशी उतरत्या बाजूला ओळीने. आधी मिठाच्या पाण्याचा माग-प्रयोग करा: वरच्या विहिरीत मीठ, खालच्या विहिरींत वाहकता मोजायची. किती दिवसांत पोचते ते कळले की अर्धे प्रश्न सुटतात. मात्र शेजाऱ्याला आधी सांगून.

आणखी एक, मँगनीज. जांभ्यातले काळे मँगनीज ऑक्साइड ट्रायव्हॅलंट क्रोमियमला हळूहळू परत हेक्सा करू शकते. चरात काळे डाग, लेप दिसले तर त्याची नोंद ठेवा आणि तिथे मात्रा वाढवा. पडताळणी एका अहवालावर संपवू नका. विहिरींचे पाणी किमान दोन पूर्ण पावसाळे, वर्षातून चार वेळा.

---

फोंडा_स्थापत्य

समजले. पत्रे, गाळ आणि टाकी डिसेंबरमध्ये, विहिरी आणि चर जानेवारीत, उकरणे मार्चमध्ये असा क्रम धरतो. खालच्या घरच्यांना आत्ता काय सांगू? ते ते पाणी पितात, आणि कुळागरालाही तेच जाते.

---

नमुना_बाटली

आत्ता सांगा, अहवालाची वाट बघू नका. प्यायला आणि स्वयंपाकाला दुसरे पाणी, नळाचे किंवा टँकरचे, निकाल येईपर्यंत. भाडेपट्टेदाराने ते पुरवावे. पाणी उकळून धातू जात नाहीत, उलट आटून वाढतात. घरातली साधी मेणबत्ती गाळणी किंवा अतिनील दिवाही क्रोमेट काढत नाही, हे त्यांना नीट समजावून सांगा, कारण पहिला उपाय तोच केला जातो. विहिरीचा नमुना याच आठवड्यात घ्या: एकूण आणि हेक्सा क्रोमियम, निकेल, सायनाइड, उडनशील सेंद्रिये. पंप ज्या खोलीवर आहे तिथून एक आणि तळापासून अर्धा मीटर वरून एक. कुळागरातल्या झऱ्याचाही एक, तोंडापाशी. अहवालाची प्रत त्यांच्या हातात द्या, आकडे मराठीत समजावून.

---

शेडीमाती

आणि त्या विहिरीच्या काठावर आजची पातळी रंगाने खूण करून ठेवा, दर रविवारी टेपने मोजून लिहायला घरातल्याच कोणाला सांगा. मेपर्यंतची ती वही जानेवारीत बसवलेल्या जाळीची खोली बरोबर आहे का हे पडताळायला फार कामाला येईल. मोजताना पंप किमान दोन तास बंद असला पाहिजे.